गुरवाचा अंगठा

गोष्ट फार जुनी आहे. इतकी जुनी, की तिच्यातल्या माणसांची नावं सांगणाऱ्यांच्या तोंडून कधीच गळून गेली. त्यांची कामं तेवढी लक्षात राहिली. तेव्हा नावं विचारू नका. बसा आणि ऐका.

एका खाडीच्या काठी एक गाव होतं. गावाला एक देव होता, काळ्या पाषाणाचा, जमिनीतून आपणहून वर आलेला. तो कोणी घडवला नव्हता, म्हणून कोणी हलवायचाही नाही, असा नेम होता. त्या देवाचा एक गुरव होता. म्हातारा, गुडघ्यांनी अधू, पण पूजा कधी न चुकवणारा.

गावात काही मोठं करायचं असलं की देवाला कौल लावायचा. गुरव दोन कळ्या पाण्यात भिजवून देवाच्या दोन्ही खांद्यांवर चिकटवी आणि प्रश्न विचारी. उजवी कळी आधी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नाही. त्यावर मग कोणी वाद घालत नसे. सोयरीक असो, पेरणी असो, भावाभावांचं भांडण असो, सगळं त्या दोन कळ्यांवर ठरे. लोकांना ते बरं वाटे. स्वतः ठरवण्याचा त्रास कोणाला हवा असतो?

एका वर्षी खाडीचं पाणी बांध फोडून आत आलं ते परत गेलंच नाही. विहिरी खारट झाल्या. शेतात मिठाचा पांढरा थर दिसू लागला. गोडं पाणी उरलं ते वर डोंगरातल्या झऱ्याला. बायका सकाळ-संध्याकाळ घागरी घेऊन चढायच्या, भरून उतरायच्या, आणि घरी येऊन पुन्हा चुलीपुढे बसायच्या. शेवटी गावाचा मुख्य, ज्याला सगळे गावकर म्हणत, तो चार माणसं घेऊन देवळात आला.

"गुरवबाबा, विचारा देवाला," तो म्हणाला. "गाव उचलून वर झऱ्यापाशी न्यायचं का?"

गुरवाने पाषाणाकडे पाहिलं. देव तर इथून हलणार नाही. मग वर जाऊन गुरवाने करायचं काय? सगळा जन्म या एका गाभाऱ्यात गेलेला. आता या वयात पुन्हा माती कालवायची, पुन्हा भिंती उभ्या करायच्या, पुन्हा नव्या जागी झोप लागेपर्यंत कूस बदलत पडायचं? तो दमला होता हो. दमलेल्या माणसाला बदल नको असतो, मग तो भल्यासाठी का असेना.

त्याने कळ्या भिजवल्या. डावी चिकटवली. मग उजवी चिकटवली, आणि उजव्या कळीवर त्याचा अंगठा जरा जास्त वेळ राहिला. मुद्दाम राहिला, असं म्हणवत नाही. चुकून राहिला, असंही म्हणवत नाही.

डावी कळी पडली.

"देव नको म्हणतो," गावकर म्हणाला. त्याने देवाला हात जोडले आणि सगळे आपापल्या घरी गेले.

त्यानंतरचं वर्ष कसं गेलं ते विचारू नका. दोनचार घरं कंटाळून परगावी गेली. उरलेल्यांनी बोलणंच कमी केलं, कारण बोलायलाही अंगात बळ लागतं. कोळ्याची सून पोटुशी होती. एका पहाटे भरली घागर घेऊन उतरताना तिचा पाय घसरला. ती वाचली, मूल गेलं. गुरव तिच्या घरी जाऊन आला, पण तिच्या डोळ्यांकडे त्याला बघवलं नाही. 'अंगठा थकला होता माझा,' तो स्वतःला सांगे. दिवसातून कितीदा सांगावं लागे, ते त्यालाच ठाऊक.

एका संध्याकाळी गुरवाची बायको डोंगरावरून आली, घागर टेकवली आणि पायरीवरच बसून राहिली. तिच्या टाचांना भेगा पडल्या होत्या.

"उद्या तू जाऊ नकोस," गुरव म्हणाला. "मी जाईन."

"तुमचे गुडघे चढणार आहेत का तो डोंगर?" ती म्हणाली. "उगाच काहीतरी बोलू नका."

"रागावलीस?"

"रागवायला ताकद कुठे आहे? अहो, देवाने ठेवलंय ना आपल्याला इथे, मग त्याच्या मनात काही असेल. म्हणून चढते, उतरते. हे माणसाने सांगितलं असतं ना, तर ही घागर मी कधीच फेकून दिली असती."

तिने भात वाढला, पण गुरवाने ताट तसंच बाजूला सारलं.

चारच दिवसांनी गावकर पुन्हा देवळात आला. या वेळी सगळं गाव मागे होतं. "बाबा, पुन्हा एकदा कौल लावा," तो म्हणाला. "माणसं संपत आली आता."

आता बघा, म्हाताऱ्यापुढे किती सोपी वाट होती. या वेळी अंगठा डावीवर जरा दाबायचा. उजवी पडेल, देव हो म्हणेल, गाव वर जाईल, सगळ्यांचं भलं होईल. कोणाला काही कळायचंही नाही. मागची चूक आपोआप झाकली जाईल आणि गुरवाचा मानही राहील. त्याने भिजवलेली कळी उचललीसुद्धा. पण देवाच्या खांद्यापाशी हात गेला आणि तिथेच थांबला. एकदा आपलं मागणं देवाच्या तोंडी घातलं. आता भल्याच्या नावाखाली पुन्हा घालायचं?

तो वळला.

"मागच्या खेपेला देव नको म्हणाला नव्हता," गुरव म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक होता की मागच्यांनी माना पुढे काढल्या. "नको मी म्हणालो. मला जायचं नव्हतं. उजवी कळी मी दाबून लावली."

गावकराचा चेहरा लाल झाला. गुरवाची बायको खांबाला टेकून खाली बसली. कोळ्याची सून उठली आणि बाहेर निघून गेली. गुरवाला वाटलं, तिने दगड उचलून मारला असता तर बरं झालं असतं.

शेवटी गावकर म्हणाला, "लावा आता. सगळ्यांसमोर लावा. हात दिसेल अशा लावा."

गुरवाने कळ्या लावल्या. दोन्ही सारख्या भिजवलेल्या, दोन्ही सारख्या टेकवलेल्या. प्रश्न विचारला. कळ्या जागच्या जागी राहिल्या. ऊन गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत आलं आणि मागे गेलं. मुलं भुकेने रडून झोपली. कळ्या सुकल्या, पण पडल्या नाहीत.

"देव रुसला," कोणीतरी म्हणालं. "आता काय करायचं? 'हो'ही नाही, 'नाही'ही नाही."

गुरव कष्टाने उभा राहिला. जन्मभर त्याने देवाच्या वतीने उत्तरं दिली होती, आणि आज पहिल्यांदाच त्याच्यापाशी उत्तर नव्हतं. त्याने पाषाणापुढे डोकं टेकलं.

"देवा, तू बोलत नाहीस," तो म्हणाला. "मला अजूनही जायचं नाही, हे तुला दिसतंच आहे. पण विहिरीत मीठ आहे, हेही दिसतं. आम्ही निघतो. बरोबर असलो तर सोबत कर, चुकलो तर सांभाळ."

"कौल नसताना निघायचं?" गावकराने विचारलं.

"भरवसा ठेवून निघायचं," गुरव म्हणाला. "यापुढे मी कौल लावणार नाही. माझं गुरवपण आज सुटलं."

दुसऱ्या दिवशी गाव निघालं. ना वाजंत्री, ना गजर. माणसं मुकाट चढत होती. ज्याच्या डोक्यावर जे होतं त्याचं ओझं त्याला पुरेसं होतं. गुरव सगळ्यांत मागे होता. दर वळणावर थांबून तो खाली देवळाच्या छपराकडे बघे.

"तो तिथेच राहिला गं एकटा," तो बायकोला म्हणाला.

ती अजून त्याच्याशी नीट बोलत नव्हती. तरी म्हणाली, "तो आपल्याआधी वर पोचला असेल. त्याला कुठे गुडघे दुखतात? चला."

त्या पावसाळ्यात मोठं उधाण आलं आणि खालच्या गावाची एक भिंतही उभी राहिली नाही. वरून सगळ्यांनी ते पाहिलं. कोणी ओरडलं नाही, कोणी नाचलं नाही. माणसं फक्त आपापली पोरं जवळ घेऊन उभी राहिली. गुरव मात्र त्यात नसलेल्या एका पोराचा विचार करत होता. उधाणातून गाव वाचलं म्हणून ते परत येणार नव्हतं.

पावसाळा सरला तशी वर झोपड्यांच्या जागी घरं बांधायला सुरुवात झाली. गुरवाने सगळ्यांच्या शेवटी, कडेची जागा धरली. आता तो कोणाचा कोणी नव्हता. भिंतीची माती एकट्याने कालवायला बसला, तेव्हा समोर कोळ्याची सून येऊन उभी राहिली. त्या दिवसापासून ती त्याच्याशी एक अक्षर बोलली नव्हती.

"बाबा, आमचं घर तुमच्या शेजारीच येतंय," ती म्हणाली. "मधली भिंत एकच घालू. माती वाचेल."

म्हाताऱ्याने सरकून तिला जागा करून दिली. ती खाली बसली, पदर खोचला आणि मातीत हात घातले. दोघं संध्याकाळपर्यंत काम करत राहिले. त्या घरांना एकच भिंत राहिली, आणि गावात पुढे काही मोठं ठरवायचं झालं की लोक त्या भिंतीपाशी जमू लागले. म्हातारा आधी सांगे, "यात माझा स्वार्थ एवढा आहे." मग आपलं मत सांगे. लोक त्याचं ऐकत.

बोध: आपली इच्छा देवाच्या नावावर खपवू नये, मन खरं ठेवून पाऊल उचलावं आणि पुढचं देवावर सोडावं.