एका वेलीच्या चार तोडण्या

एकदा एका शिष्याने आपल्या गुरूच्या हातातली कात्री धरली. मनगटासकट धरली. सकाळ नुकतीच उजाडली होती, फाल्गुन लागायला चार दिवस होते आणि द्राक्षे पुरती पिकायला अजून तीन आठवडे तरी हवे होते.

"बाबा, कच्ची आहेत ती!"

"ठाऊक आहे," वृद्ध म्हणाले. "हात सोड, दुखतो."

शिष्याने हात सोडला. वृद्धांनी घड कापला, पाटीत ठेवला आणि ते पुढच्या वेलीकडे वळले. मागून सहा बाया पाट्या घेऊन येत होत्या. त्यांनी एकमेकींकडे पाहिले, पण त्याही कापू लागल्या.

या शिष्याचे नाव केदार. वय तिशीचे. गोदावरीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी त्यांच्या घराची द्राक्षशेती. तीन पिढ्या हे घर खाण्याची द्राक्षे पिकवीत आले होते आणि परदेशी पाठवीत आले होते. घरातल्या प्रत्येकाच्या खिशात मण्याचे माप घ्यायची, भोके पाडलेली पट्टी असे. पेटीत जाणारा प्रत्येक मणी एका रंगाचा, एका मापाचा, एका दिवशी तोडलेला हवा. लहान मणी बाजूला, फिका मणी बाजूला. हेच या घराचे शास्त्र, आणि त्या शास्त्रावर घर उभे राहिले होते.

सहा वर्षांपूर्वी केदारने थोरल्या भावाचा शब्द मोडून तीन एकरांत वाइनच्या द्राक्षाची लागण केली. शिराझ नावाची काळी जात. मणी बारीक, साल जाड, खायला गेले तर बियाच जास्त. वाइन कशी करावी हे शिकायला तो या वृद्धांकडे आला. वृद्धांनी सारे आयुष्य दुसऱ्यांच्या बागांत वाइन करण्यात घालवले होते. शिक्षण तिसरीपर्यंत. बोलणे थोडे आणि संथ. पहिल्या वर्षी केदारने मणी फुगावेत म्हणून तोडणीआधी बागेला पोटभर पाणी दिले, तेव्हा वृद्ध त्याच्याशी दोन दिवस बोलले नव्हते. तिसऱ्या दिवशी एवढेच म्हणाले, "बाबा रे, रसात पाणी घालायचंच होतं तर विहिरीतून थेट घालायचं होतंस. वेलीला कशाला त्रास दिलास?"

आता गोष्ट निकराला आली होती. थोरल्या भावाने सहा वर्षे वाट पाहिली, आणि त्याचेही काही चूक नव्हते. त्याने माघातच सांगून टाकले होते, "केदू, शहरातला शेठ आषाढात येतोय ना? त्यानं सगळा माल एका हातानं उचलला तर बाग राहू दे. नाही तर भाद्रपदात बुडातून कापायची आणि आपल्या नेहमीच्या द्राक्षाचं कलम बांधायचं. कलमवाल्यांना मी सांगून ठेवलंय."

शेठ कोणती वाइन उचलणार हेही ठरल्यासारखे होते. आदल्या वर्षी त्याने केदारकडची एक बाटली चाखली होती. काळी, जड, घशाला मिऱ्यासारखी लागणारी. "हीच," तो म्हणाला होता. "अख्ख्या बागेची हीच पाहिजे."

म्हणजे करायचे ते सरळ होते. द्राक्षे पुरती पिकू द्यायची, एका दिवशी तोडायची, एका टाकीत घालायची. आणि नेमके त्याच वर्षी म्हाताऱ्याने पूर्वेकडच्या ओळी कच्च्याच कापल्या.

घड ठेचून रस सालींसकट दुपारपर्यंतच ठेवला. मग निथळून घेतला. रंग उतरला तो गुलाबी.

दहा दिवसांनी वृद्ध पुन्हा कात्री घेऊन उभे राहिले. या वेळी ओढ्याकडच्या तांबड्या मातीतल्या ओळी. पिकल्या होत्या, पण शिगेला पोचल्या नव्हत्या. बांधावरून थोरला भाऊ ओरडला, "बाबा, हप्त्या-हप्त्यानं काढून राहिले काय? भाजी आहे का मेथीची?"

बाया हसल्या. केदारला हसू आले नाही. त्याने जवळ जाऊन हळूच विचारले, "बाबा, शेठला जड पाहिजे. त्यात हे कशाला?"

"आषाढात विचार."

"आषाढात विचारून काय उपयोग? तेव्हा बाग राहायला पाहिजे ना!"

वृद्ध थांबले. त्यांनी केदारच्या तोंडाकडे पाहिले. मग त्यांनी घाम पुसला आणि पुढचा घड कापला.

तिसरी तोडणी खडकाळ उतारावरची. ती मात्र पुरती पिकल्यावर झाली. हिच्यातून जड वाइन होणार होती, पण शेठने मागितलेल्याच्या चौथ्या हिश्शाइतकीच. केदारने भरलेली पिंपे पुन्हा एकदा मोजली.

तरीही वरच्या अंगाच्या दोन ओळी उभ्याच होत्या. वृद्ध म्हणाले, "यांना हात लावायचा नाही. सुकू दे."

आणि मग आभाळ आले. फाल्गुनातले आभाळ म्हणजे द्राक्षवाल्याच्या छातीवरचा दगड. चार दिवस वारा थांबलेला, क्षितिजावर काळा पट्टा. गावभर लोक हाताला लागेल तशी तोडणी करीत होते. थोरला भाऊ स्वतः चालत आला. त्याच्या आवाजात आता चेष्टा नव्हती. "केदू, त्या दोन ओळी तरी वाचव. पाखरांसाठी ठेवल्यात का? का गारांसाठी?"

केदारने वृद्धांकडे पाहिले. वृद्ध ओळीच्या टोकाशी दगडावर बसले होते, आभाळाकडे तोंड करून. त्यांचे ओठ हलत होते. तेही घाबरले आहेत हे केदारला तेव्हा पहिल्यांदा कळले. घाबरलेला माणूस थांबून आहे, म्हणजे त्याला काहीतरी दिसते आहे. केवळ एवढ्यासाठी केदारने कात्री उचलली नाही.

दुपारी गारा पडल्या. ओढ्यापलीकडे पडल्या. अलीकडे नुसता वारा आला आणि पाने उलटीपालटी करून गेला. आठ दिवसांनी सुरकुतलेले, मनुक्यासारखे झालेले घड खाली आले. रस निघाला तो ओंजळी-ओंजळीने.

आषाढात शेठ आला. जाडजूड, तरतरीत माणूस. आल्या आल्या पिंपाशी गेला, नळीने थोडी वाइन काढून घेतली, तोंडात घोळवली आणि डोळे मिटून म्हणाला, "हां! कच्ची आहे अजून, पण हीच. किती पिंपं?"

"दोन," केदार म्हणाला.

शेठने डोळे उघडले. "दोन? मी आठ म्हणालो होतो. बाकीची बाग गेली कुठं?"

वृद्धांनी मेजावर चार ग्लास मांडले. गुलाबी, तांबडी, काळी आणि चौथ्यात घोटभर, मधासारखी दाट. शेठने उभ्यानेच भराभर चाखली. एकीनंतर दुसरी, मध्ये श्वासही न घेता.

"ही तर निराळीच. ही पण निराळी. म्हातारबा, मी शिराझ मागितली होती. तुम्ही चार जाती कशाला दाखवताय?"

"एकच जात आहे," वृद्ध म्हणाले. "एकाच बागेतली."

"मग यातली खरी शिराझ कोणती?"

वृद्ध उत्तर देण्याआधी थोरला भाऊ पुढे झाला. दारात उभा राहून तो सगळे पाहत होता. "शेठ, माझा भाऊ भोळा आहे. काही मार्ग निघतो का बघा."

शेठ माणूस वाईट नव्हता. त्याने थोडा विचार केला. "निघेल. चारही एका टाकीत ओता. रंग येईल, कस येईल, गोडी मी बघून घेईन. सगळा माल आजच उचलतो. एका हातानं."

थोरल्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. "केदू, हो म्हण. बाग राहिली बघ तुझी."

केदारच्या तोंडात 'हो' आलेच होते. सहा वर्षांचा हट्ट, भावाची अट, कलमवाल्यांचा ठरलेला दिवस, सगळे त्या एका अक्षराने मिटणार होते. त्याने गुरूकडे पाहिले. वृद्धांनी एक तांब्या घेतला, चारही ग्लासांत उरलेली वाइन त्यात ओतली, तांब्या दोनदा हलवला आणि ती एका स्वच्छ ग्लासात ओतून शेठपुढे धरली.

गारांच्या आभाळाखाली राखलेली ती घोटभर गोडी त्या तांब्यात गेली होती.

"घ्या शेठ," वृद्ध म्हणाले. "हीच घेऊन जाणार ना तुम्ही?"

शेठने घोट घेतला. पुन्हा घेतला.

"वाईट आहे का?" वृद्धांनी विचारले.

"वाईट नाही."

"मग?"

"चूक काहीच नाही तिच्यात." शेठने ग्लास खाली ठेवला. "पण कुणाशी बोलतोय तेच कळेना."

तेव्हा वृद्ध बाकावर बसले आणि हळूहळू बोलू लागले. एवढे सलग बोलताना केदारने त्यांना कधी ऐकले नव्हते.

"शेठ, मी तिसरी शिकलेला माणूस. पण एवढं बघितलंय. ही वेल कोवळी तोडली तर हसते. थोडं थांबून तोडली तर गप्पा मारते. उन्हानं पुरती भाजू दिली की तिच्यात मिरी येते, मग ती आपल्याला गप्प बसवते. आणि वेलीवरच सुकू दिली तर म्हाताऱ्या माणसासारखी गोड होते. तुम्ही विचारलंत, खरी कोणती. माझी बायको सकाळी ओव्या म्हणायची. दुपारी शेतात माणसांवर ओरडायची. संध्याकाळी दमली की बोलायचीच नाही. आजारपणात तर फार मऊ झाली होती. यातली खरी कोणती, असं मी तिला कधी विचारलं नाही. चारही वेळेला जवळ होतो, म्हणून मला ती थोडीफार कळली. चारही एका भांड्यात ओतल्या तर चूक काही होत नाही शेठ. नुसती ती निघून जाते."

मग ते केदारकडे वळले. "तुझ्या घरी पेटी भरतात. पेटीला एका मापाचे मणी लागतात, ते बरोबरच आहे. पण हिला माप लावायचं नसतं. हिला रोज जाऊन विचारायचं असतं, आज काय देतेस. हे मी फाल्गुनात सांगितलं असतं तर तुला पटलं असतं. पण पटणं आणि दिसणं निराळं."

शेठने टोपी काढून मेजावर ठेवली आणि तो बसला. "पुन्हा द्या," तो म्हणाला. "या वेळी एकेक करून."

केदारने गुलाबी वाइन गार पाण्यात ठेवून आणली, सोबत काकडी चिरून. मग भाकरी, वांग्याचे भरीत आणि तांबडी. जड वाइन काळ्या मसाल्याच्या रश्श्याबरोबर. शेवटी गोड, तिच्यासोबत काहीच नाही. दुपार गेली. शेठ आता घाई करीत नव्हता. भरिताबरोबरच्या घोटाला तर तो चक्क हसला आणि म्हणाला, "ही बया बोलकी आहे."

निघताना त्याने आपला निवाडा सांगितला. गुलाबी आणि तांबडी तो नेणार होता. जड वाइन वर्षभर पिंपातच असू द्यावी, ती अजून रागात आहे, पुढल्या आषाढात तिच्यासाठी तो येईल. गोड त्याच्याकडे कोणी घेणार नाही. "पण एक बाटली द्या. माझ्या आईला दात नाहीत आता. तिला आवडेल."

गाडी गेली. केदार अंगणात उभा राहिला. सगळा माल उचलला गेला नव्हता. एका हाताने तर नाहीच. भावाची अट मोडली होती, आणि भाऊ दिलेला शब्द फिरवणाऱ्यांतला नव्हता.

थोरला आतच होता. मेजाशी उभा. त्याने जन्मात वाइन चाखली नव्हती, आजही चाखली नाही. त्याने तांबडीचा ग्लास उचलला, नाकाशी नेला आणि तसाच धरून ठेवला.

"ही ओढ्याकडची," तो म्हणाला.

केदार दारातच थबकला. "तुला कसं कळलं, दादा?"

"पहिल्या पाण्यानंतर त्या मातीला असाच वास येतो." त्याने ग्लास खाली ठेवला, मग गुलाबीचा उचलला, मग काळीचा. चौथ्याला त्याने बराच वेळ घेतला. लहान म्हणून, फिका म्हणून, सुकला म्हणून आजवर किती घड त्याने बाजूला टाकले असतील, हे त्याच्या मनात आले की काय कोण जाणे. तो ग्लास त्याने जपून खाली ठेवला.

बाहेर पडताना तो केदारपाशी थांबला. त्याच्याकडे न पाहता त्याने विचारले, "पुढल्या साली पहिल्या तोडणीला बाया किती लागतील? आत्ताच सांगून ठेवल्या पाहिजेत. ऐन वेळी मिळत नाहीत."

"सहा," केदार म्हणाला.

"आठ सांगतो," थोरला म्हणाला, आणि बांधाच्या वाटेला लागला.

आपल्या माणसांतही ज्याला आपण लहरी म्हणतो, त्याला आपण बहुधा त्याच्या कुठल्यातरी एकाच वेळेला भेटलेलो असतो.