शिमोनच्या मिठागरातलं कडू मीठ

मुलांनो, आणि मुलांच्या आईबापांनो, खूप खूप जुन्या काळची ही गोष्ट. एका खाडीकाठी धाकू नावाचा माणूस मीठ पिकवायचा. हाताने तरबेज, पण मनाने जळका. शेजारच्या नाग्याचं मीठ आपल्यापेक्षा पांढरं निघतं, हे त्याला सहन होईना.

त्या गावात एक रीत होती. उधाणाची भरती आली की पाळीपाळीने बांधांची राखण करायची. ज्याच्या पाळीत बांध फुटेल, त्याला पुन्हा कुणी कामावर घ्यायचं नाही. एका उधाणाला नाग्याचा धाकटा भाऊ गोमा राखणीला होता. तो जरा बाजूला गेला, तेवढ्यात धाकूने नाग्याच्या बांधाला फावडं घातलं. खाडी आत शिरली. सारं मीठ विरघळून गेलं.

दोष गोमावर आला. नाग्याने सख्ख्या भावाला घराबाहेर काढलं. गोमा पलीकडच्या तीरावर निघून गेला. धाकू गप्प राहिला.

पण त्याच्या जिवाला चैन पडेना. पुढे गावात एक म्हातारे उपदेशक आले. प्रभू येशू पाप्यांना हाक मारतो, असं ते सांगत. धाकू सगळ्यांच्या मागे बसून ऐके आणि डोळे पुसे. एका सकाळी त्याने खाडीच्या पाण्यात बाप्तिस्मा घेतला. त्याला नवं नाव मिळालं, शिमोन. दारू सुटली, शिवीगाळ सुटली.

"ते पाप धाकूने केलं," तो मनाशी म्हणे. "धाकू मेला. आता मला काय त्याचं?"

पुढच्या हंगामात उपदेशक त्याच्याकडे जेवायला आले. पेजेचा पहिला घोट घेतला आणि त्यांचं तोंड वाकडं झालं.

"अरे शिमोन, हे मीठ आहे की काढा?"

शिमोन ओशाळला. "बाबा, पहिलं मीठ काढल्यावर कडू पाणी वाफ्यात उरतं. ते सोडून द्यायचं असतं. मी त्यावरच नवं पाणी उपसून घेतलं."

"जन्म मिठागरात गेला तुझा! सोडलं का नाहीस?"

"त्यासाठी बांधाला तोंड पाडावं लागतं." शिमोन म्हणाला. "बांधावर फावडं उचललं की हात थरथरतो माझा."

मग त्याने सगळं सांगून टाकलं.

उपदेशकांनी वाटी खाली ठेवली. "प्रभूने तुला क्षमा केली, यात शंका नको. पण तुझं ओझं तिकडे गोमा वाहतोय. नवं नाव लपायला नाही मिळालं रे लेकरा. त्याच्यासमोर उभं राहण्याचं बळ यावं, म्हणून मिळालं."

नाग्याचा राग साऱ्या गावाला ठाऊक होता. तरी शिमोन उठला आणि त्याच्या मिठागराकडे निघाला.

नाग्या बांध लिंपत होता. "या भगत!" तो हसला. "आज आम्हाला तारायला आलात?"

"नाग्यादादा, तुझा बांध मी फोडला. गोमाचा काही दोष नव्हता."

नाग्याच्या हातातलं फावडं वर गेलं. शिमोन हलला नाही.

"मार. पण आधी माझ्याबरोबर होडीत बस. गोमाला आणू. मग मार."

नाग्या मटकन खाली बसला आणि पोरासारखा रडला. "धाकटा माझा! त्याचं एक अक्षर मी ऐकून घेतलं नाही."

दोघांनी होडी काढून पलीकडचा तीर गाठला. गोमाने सारं ऐकलं. मग भावाचा हात धरून होडीत चढला.

गावाने ठरवलं, शिमोनला राखणीला कधी बसवायचं नाही. त्याने ते निमूट मान्य केलं. पण पुढच्या उधाणाला गोमा त्याच्या दारात उभा राहिला.

"चल रे. गाव काही म्हणो, माझ्या पाळीला सोबती मी निवडणार."

शिमोन गोमाच्या मागून बांधावर चालू लागला.

बाळांनो, प्रभू पाप्याला नवं जीवन देतो, पण केलेलं पाप कबूल करायला जो धजतो, त्यालाच ते जगता येतं.