लुगड्याचे सात तुकडे

नदीकाठच्या एका पेठेत भागू नावाची शिंपीण राहत होती. जुनी लुगडी टाकून द्यायला बायकांचा जीव होत नसे. भागू त्यांचे बटवे अन् झोळ्या शिवायची. विटलेलं कापड आत, काठ नेमका दर्शनी. तिचे बटवे कमरेला खोचून बायका लग्नाला जायच्या.

एकदा तिच्याकडे एकाच दिवशी दोन हिरवी लुगडी आली. एकीला बटवे हवे होते. दुसरं लुगडं तांबटीणकाकूंचं. त्यांना फाटलेला पदर तेवढा रफू करून हवा होता. "जपून हो भागू, आईची तेवढीच आठवण उरलीय," असं बजावून त्या गेल्या. भागूनं फाटल्या जागी पांढऱ्या दोऱ्याची खूण घातली आणि दोन्ही लुगडी फळीवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी कामाची घाई. तिनं वरचं लुगडं ओढलं आणि पुरतं न उलगडताच कात्री चालवली. सहा तुकडे पडले. सातवा हाती घेतला, तर त्यावर पांढरा दोरा.

"अगं बाई, हे तर काकूंचं!" भागू ओरडली. उद्या काकू लुगडं न्यायला येणार होत्या!

आवाज ऐकून घरातली थोरली जाऊ धावत आली. तुकडे बघून दबक्या आवाजात म्हणाली, "आधी हे बंबात घाल. उंदरांनी खाल्लं म्हणून सांग. खरं कळलं, तर पेठेतलं कुणी चिंधीसुद्धा देणार नाही तुला."

भागू तुकडे घेऊन पेटत्या बंबापाशी गेली. पुढं केलेला हात तिनं दोनदा मागं घेतला. "अक्का, नाही होत माझ्यानं," ती म्हणाली. तुकडे पदराखाली घेऊन ती थेट तांबट आळीत गेली. वाटेत कुणी हाक मारली तरी तिला दचकायला होत होतं.

"काकू, माझ्या हातून घात झाला," एवढंच तिला बोलता आलं. तिनं तुकडे पुढं ठेवले.

काकूंनी एकेक तुकडा हातात घेऊन पाहिला. रागावल्या नाहीत, रडल्या नाहीत. "तू जा आता," म्हणाल्या.

शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं भागूला वाटलं. दोन दिवस तिला सुईत दोरा ओवता येईना. दारात पाऊल वाजलं की ती चटकन उठून बघायची.

तिसऱ्या दिवशी काकू आल्या. बरोबर आणखी दोघी होत्या.

"या माझ्या बहिणी," काकू म्हणाल्या. "आईचं लुगडं मी एकटीनं ठेवून घेतलं, म्हणून तीन वर्षं माझ्या उंबऱ्याला आल्या नव्हत्या. परवा मीच तुकडे घेऊन यांच्याकडे गेले. तिघी मिळून पोटभर रडलो. आता तिघींना तीन बटवे शिवून दे. काठ तिघींच्या वाट्याला येऊ दे."

भागूचे डोळे भरून आले. "पुन्हा माझ्याच हाती देता, काकू?"

"वाईट वाटलं गं, अजून वाटतंय. पण तू तुकडे घेऊन आलीस. जाळले असतेस, तर आम्हाला काय उरलं असतं?"

भागूनं एकेक तुकडा उजेडात पुरता उलगडून पाहिला आणि मगच सुई हातात घेतली.

तात्पर्य एवढंच: झालेली चूक झाकायला गेलं, की हाती उरलेलंही जातं. ती कबूल केली, तर उरल्यासुरल्यातूनही काही जोडता येतं.