सरकत्या पट्ट्यावरचा कलश

विमानतळावर प्रवाशांच्या ये-जा करण्यासाठी बसवलेल्या नव्या, वेगवान सरकत्या पट्ट्यावर चाचणीसाठी बोलावलेल्या सत्तरीच्या कुमुदिनीबाई मधोमध धडपडल्या.

"इथे वेग वाढताना हिसका बसतो. हे सुधारल्याशिवाय लोकांना सोडू नका, कुणाचं तरी हाड मोडेल," त्यांनी बजावलं.

पट्ट्याच्या टोकाला उभे असलेले प्रकल्पप्रमुख भडकमकर हसले. "पट्टा उत्तम आहे, आजी. तुमचे गुडघेच कुरकुरतात! उद्घाटन आज संध्याकाळीच होणार."

कुमुदिनीबाई वाद घालत बसल्या नाहीत. पूजेसाठी मांडलेला कलश त्यांनी नारळासकट उचलला आणि पट्ट्याच्या सुरुवातीला ठेवला. कलश डौलात निघाला, मधोमध पोचला आणि कलंडला. नारळ घरंगळत थेट साहेबांच्या बुटांपाशी आला.

"साहेब," बाई शांतपणे म्हणाल्या, "कलशाला कुठे गुडघे असतात?"

जमलेल्या कर्मचाऱ्यांत हशा पिकला. नारळ उचलत भडकमकर पुटपुटले, "उद्घाटन पुढे ढकला."