हत्तीचा खिळा आणि मोराचा राखणदार

शुद्धलेखनात चुका सापडतील, त्या पोटात घालाव्यात. शब्दही साधेच आहेत, कारण सांगणाऱ्याची शाळा लवकर सुटली. पण ही गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही.

एका गावात एक रंगारी होता. दारं-खिडक्या, बैलांची शिंगं, देवळाचे खांब, जे पुढे येईल ते रंगवायचा. वय वीस-बावीस. चार माणसांत बोलायची वेळ आली की त्याचे कान लाल व्हायचे आणि शब्द घशात अडकायचे. हातात कुंचला आला की मात्र त्याला कुणाची भीती वाटत नसे.

त्या गावाला खेळपेटीचं भारी वेड. खेळपेटी म्हणजे हातभर लांबीची लाकडी पेटी. वर काच, दोन्ही बाजूंना एकेक मूठ. कडेच्या फटीतून पत्र्याची चकती आत सारायची आणि मुठी फिरवायच्या, की काचेखाली चित्रं पळू लागत. घोडा खंदकावरून उडी मारायचा, सरदार किल्ला चढायचा. हात जरा चुकला की सरदार धप्पकन खाली, आणि काचेखाली अक्षरं उमटायची, 'पुन्हा प्रयत्न करा'. रंगारी चौथीतून घरी बसला होता. तो वाचायला शिकला ते याच अक्षरांवर. शंभरदा पडला, शंभरदा वाचलं.

पेट्या करणारे कारखाने दोन. एक डोंगराखालचा, त्याच्या पेटीवर मोराचा शिक्का. दुसरा नदीपलीकडचा, त्याच्या पेटीवर हत्तीचा. मोराची चकती मोराच्याच पेटीत चालायची, हत्तीची हत्तीच्याच. त्यामुळे गावाचे दोन भाग पडले होते. मोरवाले पिंपळाच्या पारावर पूर्वेकडे बसत, हत्तीवाले पश्चिमेकडे. रंगारी मोरवाला. का, तर लहानपणी मामानं दिलेली जुनी पेटी मोराची होती. दुसरं काही कारण नाही. पण हे कारण त्यानं कधी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि बाकीच्यांची कारणंही याहून फार मोठी नव्हती.

चकत्या महाग. म्हणून गावात एक जुनी रीत होती, थैलीची. ज्याचा खेळ खेळून झाला त्यानं चकती थैलीत टाकायची. एक मावशी ती दोन कप्प्यांची थैली खांद्याला लावून घरोघर फिरायची. दोन दिवस चकती ठेवा, मग पुढच्या घरी. रंगाऱ्याच्या घरी आजवर एकही चकती विकत आली नव्हती. तो जे काही खेळला, जे काही वाचायला शिकला, ते सगळं त्या थैलीतून.

आणखी एक रीत होती, भिंतीची. पारासमोरच्या लांब भिंतीवर कारखान्यांविरुद्धची तक्रार गेरूनं लिहायची. गावाच्या वतीनं लिहिणारा हात एकच, रंगाऱ्याचा. बाजारच्या दिवशी दोन्ही कारखान्यांचे गुमास्ते येत आणि भिंत वाचून जात. एकदा लिहिलेलं पुसायचं नाही, असा नेम होता. पाडव्याला चुना लागेल तेव्हाच भिंत कोरी होणार. म्हणून लिहिणाऱ्यानं विचार करून लिहावं.

त्या श्रावणात हत्तीच्या नव्या पेट्या आल्या. त्यांच्या आत एक बारीक खिळा होता. चकती पहिल्यांदा आत सारली की खिळा तिच्यावर ओरखडा काढायचा, आणि मग ती चकती दुसऱ्या कुठल्याच पेटीत चालत नसे. म्हणजे ज्यानं घेतली त्याचीच. थैलीत टाकली तरी निरुपयोगी.

मोरवाले पेटून उठले. त्यांचा म्होरक्या म्हणजे तालमीतला एक पहिलवान. त्याचा आवाज पार चावडीपर्यंत गेला.

"ही लूट आहे, लूट! आज चकतीला खिळा मारला, उद्या आपल्या हाताला मारतील!"

समोरच्या बाजूनं एक कासार, पक्का हत्तीवाला, म्हणाला, "अरे, त्यांनाही पोटं आहेत. एक चकती शंभर घरं फिरली तर कारखाना चालायचा कसा? तुम्हाला काय, तुमच्यात खिळा नाही ना? मग गप बसा की."

रंगाऱ्यानं गेरूचं मडकं उचललं. त्यानं शिडी लावली आणि भिंतीवर हातभर अक्षरांत लिहिलं:

'हत्तीवाले कारखानदार, विकत घेतलेली चकती शेजाऱ्याला देता येत नसेल, तर ती तुम्ही विकलीच नाही, नुसती दाखवलीत. खिळा काढा.'

ते वाक्य गावात सगळ्यांच्या तोंडी झालं. बाया पाणी भरताना म्हणायच्या, पोरं मोठ्यानं वाचायची. हत्तीची विक्री बसली. महिन्याभरात गुमास्ता येऊन सांगून गेला, की खिळा काढला. मोरवाल्यांनी रंगाऱ्याला खांद्यावर घेऊन नाचवलं. पहिलवान म्हणाला, "आपला वाघ आहे हा!" रंगाऱ्याचे कान लाल झाले, पण या वेळी त्याला ते आवडलं.

माघ लागला आणि मोराच्या नव्या पेट्या आल्या. एके दुपारी मावशी रंगाऱ्याच्या दारात आली. हातात एक चकती.

"बाबा, ही बघ जरा. वाण्यानं थैलीत टाकली, ती कुंभाराकडे दिली. पोरांनी मुठी फिरवून फिरवून हात दुखवून घेतले. काचेखाली काही हलायला तयार नाही."

रंगाऱ्यानं चकती उन्हात धरली. बारीक ओरखडा. तो वाण्याकडे गेला, त्याची नवी कोरी पेटी उघडली, आत पाहिलं. तोच खिळा. जाडीला तोच, लांबीला तोच. फक्त त्यावर पितळी मुलामा होता, आणि पेटीबरोबर आलेल्या कागदावर त्याचं नाव छापलं होतं, 'राखणदार'.

रंगारी तसाच पारावर गेला. त्याला वाटलं, आता पहिलवानाचा आवाज पुन्हा चावडीपर्यंत जाणार. पण पहिलवानानं कागद वाचला, घडी घातली आणि मिशीवरून हात फिरवला.

"हे वेगळं आहे."

"कसं?" रंगाऱ्यानं कसंबसं विचारलं.

"अरे, त्यांचा खिळा होता. हा राखणदार आहे. चकती चोरीला जाऊ नये म्हणून."

"पण दादा, ओरखडा तर..."

"आणि आपल्या कारखान्याच्या चकत्या बघ किती देखण्या! एवढी मेहनत करायची म्हणजे खर्च येणारच. एक चकती शंभर घरं फिरली तर कारखाना चालायचा कसा?"

श्रावणात कासाराच्या तोंडून निघालेलं वाक्य शब्दाला शब्द आता पहिलवानाच्या तोंडात होतं, आणि त्याची जीभही अडखळली नाही. बाजूचे मोरवाले माना डोलावत होते. याच माणसांनी श्रावणात घसा फोडला होता!

आणि पश्चिमेकडचे? ते आता उठून उभे राहिले होते. कासार सगळ्यांत पुढे.

"लूट आहे ही, लूट! कुठे गेला रे तुमचा वाघ? लिहा म्हणावं भिंतीवर! की गेरू संपला?"

"तू बोलू नकोस," पहिलवान गरजला. "श्रावणात खिळ्याची आरती ओवाळत होतास."

"आणि तू आता ओवाळतोयस ती कुणाची?"

अशी ती दोन्ही तोंडं. एकाला खिळा दिसत होता तो फक्त समोरच्याच्या पेटीत, आणि दुसऱ्यालाही तसाच. कुंभाराच्या पोरांचे दुखरे हात कुणालाच दिसत नव्हते. त्या गोंधळात थैलीचं नावसुद्धा कुणी काढलं नाही.

पहिलवानानं रंगाऱ्याला बाजूला घेतलं. खांद्यावर जड हात ठेवला.

"हे बघ, उद्या बाजार आहे. दोन्ही गुमास्ते येणार. भिंतीवर काहीतरी पाहिजे, नाहीतर हे लोक म्हणतील की आपण घाबरलो. हत्तीच्या नव्या पेटीची मूठ करकरते म्हणतात. ते लिही. चांगलं ठसठशीत. आपला वाघ ना तू?"

रंगाऱ्याच्या मनात आलं, नाही म्हणावं. पण नाही म्हटलं असतं तर पूर्वेकडची ती जागा गेली असती, ते खांद्यावरचं नाचवणं गेलं असतं. चार माणसांत त्याला जी काही किंमत होती ती तिथंच होती. त्यानं शिडी लावली आणि श्रावणातल्या वाक्याच्या खाली लिहिलं, 'हत्तीच्या पेटीची मूठ करकरते.' अक्षर सुरेख आलं होतं. त्याला मात्र ते बघवलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाजारात मोराचा गुमास्ता आला. त्यानं भिंत वरपासून खालपर्यंत वाचली आणि खूश होऊन मांडीवर थाप मारली.

"आमच्याविरुद्ध एक अक्षर नाही! म्हणजे गावाला राखणदार पसंत आहे."

हत्तीचा गुमास्ता शेजारीच उभा होता. त्यानंही वाचलं. "अस्सं! मुठीला तेल देऊ की. आणि गावाला खिळा चालतो म्हणायचा. मग आम्हीच का काढून ठेवावा? पुढच्या खेपेपासून आमच्याही पेटीत परत."

दोघं हसत-हसत धर्मशाळेत मुक्कामाला गेले. मोरवाल्यांना बोलायला तोंड नव्हतं. हत्तीवाले बोलले असते, तर ऐकणार कोण? श्रावणात खिळ्याची बाजू घेणाऱ्यांना माघात कोण विचारतो?

दिवस मावळायच्या आत मावशी पाराशी आली. खांद्यावरची थैली काढून तिनं भिंतीच्या खुंटीला अडकवली. दोन्ही कप्पे चपटे.

"नव्या चकत्या आता फिरणार नाहीत, आणि जुन्या झिजल्या. मी काय रिकामी थैली घेऊन घरं मोजत फिरू? घ्या, सांभाळा."

"मावशी, आमच्यावर कशाला चिडतेस?" पहिलवान म्हणाला. "कारखान्यांनी केलं."

"कारखान्यांनी खिळा केला. त्याला राखणदार तुम्ही म्हणालात." मावशी दोन्ही बाजूंकडे वळून-वळून बोलत होती. "आणि तुम्ही रे, पलीकडचे! तुमच्या पेटीत होता तेव्हा कारखान्याला पोट होतं, होय? माझ्या थैलीला दोन कप्पे होते, पण खांदा एकच होता. तेवढं तरी बघायचं."

मग ती रंगाऱ्यासमोर उभी राहिली. आवाज खाली आला, आणि त्याला तो जास्त लागला.

"तू एवढासा होतास. चकती परत द्यायच्या दिवशी दाराआड लपायचास. म्हणायचास, मावशी, अजून एकदा पडू दे, मला ती ओळ पुरती वाचता येत नाही. मी दोन दिवसांचे चार करायची तुझ्यासाठी, पुढच्या घरच्यांच्या शिव्या खाऊन. आणि त्या अक्षरांचं तू हे केलंस? करकरणारी मूठ?" तिनं वरच्या ओळीकडे बोट केलं. "तुझंच आहे ना ते? वाच."

रंगाऱ्यानं वाचलं. विकत घेतलेली चकती शेजाऱ्याला देता येत नसेल, तर. त्या वाक्यात कुठेही मोर किंवा हत्ती नव्हता. हत्ती होता तो फक्त सुरुवातीच्या हाकेत, आणि तेवढ्यावरच गाव नाचलं होतं.

घरी ताट वाढलेलं होतं. त्यानं दोन घास खाल्ले आणि हात धुतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गुमास्त्यांच्या गाड्या जुंपत होत्या तेव्हा, रंगारी शिडी आणि गेरूचं मडकं घेऊन भिंतीपाशी आला. मुठीची ओळ पुसायचा मोह त्याला झाला, पण नेम तो नेम. ती पाडव्यापर्यंत तिथंच राहणार, येणारा-जाणारा वाचणार. तिच्यापुढे त्यानं लिहिलं, 'हे मी लिहिलं. मूठ करकरते हे खरं आहे. पण खिळा दिसत असताना मी मूठ लिहिली.'

मग तो वर चढला. शिडी डुगडुगली. खालून कुणीतरी ती धरली. बघतो तर कासार.

"बघतोस काय?" कासार मान खाली घालून म्हणाला. "लिही. आणि खाली जागा उरली तर माझंही एक घाल. श्रावणात मी खिळ्याची बाजू घेतली होती म्हणून."

तेवढ्यात तालमीतून पहिलवान धावत आला. "ए! उतर खाली! कुणाच्या बाजूचा आहेस तू?"

रंगाऱ्याचे कान लाल झाले. पारावर माणसं जमत होती. गाड्याही थांबल्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदा तो इतक्या माणसांसमोर मोठ्यानं बोलला.

"दादा, कालपर्यंत तुमच्या. आता ती थैली खुंटीवरून खाली येईल तेव्हा विचारा."

आणि त्यानं कुंचला बुडवून जुन्या वाक्याच्या आधी, 'हत्तीवाले' या शब्दाच्या अगदी शेजारी, तेवढ्याच उंचीचं अक्षर काढून दोनच शब्द लिहिले: 'मोरवाले आणि'.

बाकीचं वाक्य त्यानं तसंच ठेवलं. त्यात बदलण्यासारखं काही नव्हतं.

तात्पर्य एवढंच: दुसऱ्याच्या पेटीतल्या ज्या खिळ्यावर आपण ओरडलो, तो आपल्या पेटीत निघाला तर तेवढ्याच आवाजात ओरडावं. नाहीतर आपला राग खिळ्यावर नव्हताच, नुसता शिक्क्यावर होता.