पालथा माणूस

"पण वस्ताद, त्यो चीत कुठं झाला हुता? पालथा हुता की."

भैरू कोळेकर हेच पुन्हा पुन्हा सांगत होता. आण्णाप्पा वस्ताद तालमीत माझ्या गुडघ्याला तेल चोळत होते. त्यांचा अंगठा जरा जास्तच जोरात लागायला लागला होता, पण तक्रार करायची ही वेळ नव्हती.

ज्यांनी कुस्ती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. लाल मातीत पाठ टेकली की माणूस हरला. त्याला चीत झाला म्हणतात. पोटावर पडलेला हरलेला नसतो. तो पालथा पडून दम खातो, माती धरून ठेवतो आणि वरच्याची पकड जरा सैल झाली की उठतो. म्हणून पालथ्या पैलवानाला सोडायचं नाही. त्याच्या पाठीवर कब्जा घ्यायचा, हात ओढायचा आणि त्याला उलथायचं.

हे वस्तादांनी गावातल्या बापांना शिकवलं आणि मग त्यांच्या पोरांनाही शिकवलं. मला ते कधी जमलं नाही, म्हणून मी शाळामास्तर झालो. भैरूला मात्र असं जमलं की तालुक्यात त्याच्या कब्जातून कुणी सुटलं नाही.

त्या जोरावरच त्याला पोलिसात नोकरी लागली, खेळाडूंच्या राखीव जागेवर. चाचणीला वस्ताद स्वतः त्याच्याबरोबर गेले होते. मेंढरं राखणाऱ्या घरातला तो पहिला पगारदार. पेढे वाटताना वस्तादांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि आम्ही सगळे भलतीकडेच बघत उभे राहिलो.

आता तो शहरात एका पथकात होता. सीमेपलीकडून आलेले, कागद नसलेले लोक शोधायचे, धरायचे आणि परत पाठवायचे, हे त्या पथकाचं काम.

मागे त्यांनी एका बांधकामावर छापा घातला. तिथे भैरूने एकाला धरलं. रफीकुल नावाचा सेंटरिंगवाला, स्लॅबखालच्या फळ्या ठोकणारा. झटापटीत म्हणे त्याचा उजवा खांदा निखळला आणि आतलं काहीतरी तुटलं. तो हात आता डोक्याच्या वर जाणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. कुणीतरी तक्रार केली आणि येत्या सोमवारी चौकशी लागली.

भैरूच्या सोबत्यांनी आपापले जबाब देऊन टाकले होते. इसमाने प्रतिकार केला, बळ वापरणं भाग पडलं. भैरूचा जबाब तेवढा राहिला होता.

त्याच्या साहेबांनीच त्याला गावी धाडलं होतं. तुझ्या वस्तादांना घेऊन ये म्हणाले. एवढा नावाजलेला माणूस चौकशीत येऊन म्हणाला की ही पकड साधी आहे, तालमीत पोरंसोरंही करतात, खालचा झगडला नाही तर त्याला काही होत नाही... तर प्रकरण तिथल्या तिथे मिटेल. नाहीतर नोकरी गेली म्हणून समज.

हे सगळं त्याने खाली बघत सांगितलं. गाल बसले होते. पोराला झोप नव्हती हे दिसतच होतं. मला त्याची कीव आली आणि त्या सेंटरिंगवाल्याचीही आली. दोघांची एकदम आल्यावर माणसाने काय करायचं ते मला कळेना. मी आपला गुडघ्याकडे बघत बसलो.

"परदेशीच निघाला त्यो," भैरू म्हणाला. "चुकीचा माणूस न्हाई धरला म्या."

"चुकीचा धरलास असं कोण म्हणलं?" वस्ताद म्हणाले.

वस्तादांनी तेलाची वाटी बाजूला सरकवली. हात पुसले. मला म्हणाले, मास्तर, जरा बसा, तुमचा गुडघा कुठं पळून जात न्हाई.

"त्याला पाडला कुणी?" त्यांनी विचारलं.

"कुणी न्हाई. आपणच पडला."

"आपणच?"

"व्हय. पालथा. म्या कब्जा घेतला, हात धरला, तर ताठला. समदं अंग दगडागत केलं. तुमीच सांगितलंय, खालचा ताठला की समजायचं त्यो आता उठणार. मग म्या वडला हात."

"कुस्तीत आपणहून पालथं कोण पडतंय रं?"

"दमल्याला पडतोय, वस्ताद. येळ काढायला."

"त्यो दमला हुता? काय करत हुता?"

"चहा पीत हुता."

हे सांगताना भैरूचा आवाज जरा उतरला. मग त्याने घाईघाईने बाकीचं सांगितलं. वरून रोज विचारणा होते, आज किती धरले म्हणून. कमी भरले तर सगळ्यांसमोर पाणउतारा होतो. एखादा निसटला तर आपल्या गळ्याशी येतं. लोक पळतात, गच्चीवरून उड्या टाकतात, एकाने तर सळई उगारली होती. तिथे उभं राहून विचार करायला सवड नसते.

तो खोटं बोलत नव्हता. वस्तादांनाही ते कळत होतं. भैरू मुळात मऊ पोरगा. तालमीत वस्ताद मोठ्या पैलवानांना मुद्दाम बारक्या पोरांशी खेळवायचे, जोर कुठे आवरायचा ते कळावं म्हणून. पोर रडलं की त्या मोठ्याचं दूध बंद. भैरूचं दूध कधी बंद झालं नव्हतं.

"आता कुठं हाय त्यो?"

"दवाखान्यात. पहारा हाय."

"जेवतोय कुठल्या हातानं?"

"डाव्या."

"तुला कसं ठावं?"

"गेलतो बघायला. साहेबास्नी न सांगता. केळी घिऊन गेलतो."

"काय म्हणाला?"

"काय न्हाई म्हणाला. मला दारात बघितलं आन्..." भैरू थांबला. "...खाटंवर पालथा झाला. खांद्याला पट्ट्या बांधल्यात, तरी झाला. आन् चांगला हात डोक्यावर ठेवला. नर्स वरडली त्याला. त्यो हालंना. म्या केळी ठेवली आन् आलो. असं का केलं आसंल, वस्ताद? त्या दिसापासनं डोळ्याला डोळा न्हाई."

वस्ताद त्याच्याकडे बघत राहिले. ऊन पत्र्याच्या फटीतून मातीवर आलं होतं, ते हळूहळू सरकत होतं.

"येतो मी सोमवारी," शेवटी वस्ताद म्हणाले.

भैरूने मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर एवढं बरं वाटलेलं दिसलं की मलाही बरं वाटलं. लगेच मनात आलं, म्हणजे वस्तादसुद्धा शेवटी आपल्याच पोराच्या बाजूने बोलणार. मला त्याचा राग आला, आणि तसं बघितलं तर राग यायचं काही कारण नव्हतं. बापासारख्या माणसाने दुसरं काय करावं?

"पकड माझीच हाय," वस्ताद म्हणत होते. "मीच शिकवली. तर मीच सांगितलं पायजे. पर बघितल्याबिगर कसं सांगू? चल हौद्यात."

भैरूने बूट काढले. दोघे हौद्यातल्या लाल मातीत उतरले. वस्तादांनी माती कपाळाला लावली, भैरूनेही लावली. सवयीचं होतं ते.

"मी त्यो. पयल्यापासनं दाव."

असं म्हणून वस्ताद मातीत उकिडवे बसले आणि नसलेला कप तोंडाशी धरून नसलेला चहा प्यायला लागले. ऐंशीला टेकलेला माणूस. मला हसू आलं असतं, पण भैरूचा चेहरा बघून आलं नाही.

"तू कुठनं आलास?"

"जिन्यावरनं."

"ये. आन् काय म्हणलास?"

भैरूने माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं.

"म्हण की."

"खाली झोपा, म्हणलो."

"त्याला झोपा म्हणलास? जे म्हणलास तेच म्हण."

वस्तादांपुढे भैरू कधी शर्टाचं बटण उघडं टाकून उभा राहिला नव्हता. त्यांच्या बरोबरीने बाकावर बसला नव्हता.

"झोप खाली," तो म्हणाला.

"एवढ्या हळू?"

मग भैरू ओरडला. तालमीचा पत्रा घुमला. त्याच्या तोंडून आणखीही एक शब्द आला, तो मी इथे लिहीत नाही. तो शब्द त्याने त्या दिवशीही वापरला असणार, कारण तो आपसूकच आला.

वस्तादांनी हातातला नसलेला कप जपून बाजूला ठेवला आणि ते झोपले. पोटावर. तोंड मातीत.

"हात?" त्यांनी तिथूनच विचारलं.

"डोक्यावर," भैरू म्हणाला.

वस्तादांनी हात डोक्यावर ठेवले. बनियनमधून पाठीच्या बरगड्या दिसत होत्या. ज्या हातांनी आम्हाला सगळ्यांना कधी ना कधी मातीतून उठवलं होतं, ते हात आता टकलावर निमूट पडले होते. मला ते बघवेना. मी उठायला गेलो तर मातीतूनच आवाज आला, मास्तर, बसून ऱ्हावा.

"मग?"

"मग... कब्जा."

"घे की."

भैरू वाकला. तो वाकेपर्यंत त्याचा चेहरा माझ्या ओळखीचा होता. गुडघा खाली गेला तसा तो बदलला. त्यात राग नव्हता, काहीच नव्हतं. शरीर आपलं शिकलेलं करत होतं. गुडघ्याने पाठीवर आपली जागा शोधली. हाताने मनगट धरलं आणि मागे ओढलं.

वस्तादांचा हात ताठला. मग खांदा ताठला, मान ताठली, पायांच्या पोटऱ्यांपर्यंत सगळा माणूस ताठला.

"हां, आसंच," भैरू घाईने म्हणाला. "अगदी आसंच ताठला हुता, वस्ताद. बघा की, आता तुमी उठणार..."

आणि तो थांबला.

वस्तादांच्या तोंडापाशी माती श्वासाने हलत होती. 

भैरूने मनगट सोडलं. सोडलं म्हणजे टाकलंच, आणि तो मागे सरकून मातीत बसला.

"का सोडलंस?" वस्ताद म्हणाले. "चीत कुठं झालोय मी?"

"उठा, वस्ताद."

वस्ताद उठले नाहीत. त्यांनी डोक्यावरचे हातही काढले नाहीत.

"चुकलं माझं. उठा. लागलं का कुठं? वस्ताद."

भैरू रडायला लागला. एवढा दांडगा गडी, त्याला धड रडताही येत नव्हतं, तोंडावर मातीचा हात फिरवून त्याने सगळा चेहरा लाल करून घेतला. माझा गुडघा तसाच तेलाने ओला होता आणि मी बाकावर खिळल्यासारखा बसलो होतो.

बऱ्याच वेळाने तो शांत झाला. वस्ताद अजून तसेच होते. गाल मातीला लावून, डोळे मिटून.

"सोमवारी खरं सांगितलं तर नोकरी जाणार, वस्ताद," भैरू म्हणाला.

"व्हय."

"आन् सायेब इचारतील. झगडत न्हवता, तर मग पालथा कशाला पडला हुता त्यो? काय सांगू त्यास्नी?"

वस्तादांनी डोळे उघडले नाहीत.

"मी कशाला पडलोय ते सांग."