वासाबीची अंडी

कोल्हापुरातल्या एका जुन्या क्लबात दस्तगीर खानसामा होता. एके दिवशी त्यानं भरल्या अंड्यांच्या बलकात मोहरीऐवजी झणझणीत हिरवी जपानी वासाबी कालवली आणि वर काळे तीळ भुरभुरले. पहिल्याच घासाला ती वासाबी अध्यक्ष नेताजीराव इंगवल्यांच्या नाकाला झोंबली.

"आमच्या आजोबांच्या काळापासून ही अंडी इंग्रजांच्या रीतीनं होतात. त्यात जपान घुसवायचा अधिकार तुला कोणी दिला? मूळ रीतीची करून आण, नाहीतर उद्यापासून घरी बस."

दस्तगीरची बावीस वर्षांची चाकरी होती, वडीलही इथंच राबलेले. त्यानं दुसरी बशी आणून ठेवली. नेताजीरावांनी एक घास घेतला.

"हे कसलं मिळमिळीत? कांदा-लसूण मसाला कुठाय?"

"इंग्रजांच्या रीतीत तो नव्हता, साहेब." दस्तगीर म्हणाला. "तो तुमच्या आजोबांनी घालायला लावला. त्यांना अधिकार कोणी दिला, हे माझ्या वडिलांनी कधी विचारलं नाही."

नेताजीरावांनी वासाबीची पहिली बशी पुढे ओढली.